मोठ्या शहरातली कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या: नवीन माणसाने कुठून सुरुवात करायची

नवीन शहरातली माझी पहिलीच ॲडमिशनची मीटिंग मी चुकीच्या गेटबाहेर घालवली. शहराच्या नावाची दोन विद्यापीठं होती, एकात शहराचं नाव पुढे, दुसऱ्यात मागे, बाकी शब्द तेच, मी मोबाईलवर टाईप केलं, जे वर आलं ते दाबलं आणि तासभर प्रवास करून पोचले. गेटवरच्या माणसाने माझं पत्र हातात घेतलं, वरच्या चिन्हावर अंगठा ठेवला, मग मान वळवून भिंतीवरचं भलंमोठं चिन्ह बघितलं, परत पत्र बघितलं आणि काही न बोलता ते माझ्या हातात दिलं. त्याला सवय असावी. माझं विद्यापीठ नदीपलीकडे होतं.

तेव्हापासून कुणी मोठ्या शहरात शिकायला निघालंय म्हटलं की मी फी, रँकिंग, हॉस्टेल ह्यावर नंतर येते. आधी तीनच गोष्टी विचारते: पूर्ण नाव काय, पदवी कोण देणार, आणि वर्ग नेमका कुठल्या इमारतीत भरणार. ह्यातलं एक जरी सांगता आलं नाही तरी पुढे कुठेतरी घोडं अडतंच. खालच्या पायऱ्या साधारण ह्याच क्रमाने आहेत, काही लांबल्यात, काही चार ओळींत संपतात.

पायरी १: "कॉलेज" म्हणजे तिथे काय, ते आधी बघा

हा शब्द फार फसवा आहे. फ्रान्समध्ये "कोलेज" म्हणजे ११ ते १५ वयाच्या पोरांची शाळा, त्यामुळे पॅरिसमध्ये कुणाला "मी कोलेजमध्ये शिकते" म्हणालात तर समोरचा तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल. आणि त्याच पॅरिसात "कोलेज द फ्रान्स" नावाची संस्था आहे, १५३० पासूनची, तिथे देशातले नावाजलेले प्राध्यापक शिकवतात, व्याख्यानं सगळ्यांना फुकट आणि खुली, पण पदवी मिळत नाही. म्हणजे शब्द एकच, आणि एक टोक शाळा तर दुसरं टोक संशोधन.

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत "कोलेहिओ" बहुतेक वेळा शाळाच असते. इंग्लंडात १६ वर्षांनंतरचं शिक्षण देणारी कॉलेजं असतात, पण लंडनचं इम्पीरियल कॉलेज हे पूर्ण विद्यापीठ आहे. कॅनडात साधारणपणे कॉलेज म्हणजे डिप्लोमा आणि हाताला काम देणारे कोर्स, युनिव्हर्सिटी म्हणजे पदवी. त्यात परत टोरोंटो युनिव्हर्सिटीच्या पोटात ट्रिनिटी, व्हिक्टोरिया अशी कॉलेजं आहेत ती वेगळ्याच अर्थाची. अमेरिकेत तर बोलताना सगळ्यालाच कॉलेज म्हणतात. बॉस्टन कॉलेज नावावरून छोटंसं काहीतरी वाटतं ना, तिथे पीएचडी होते. तेव्हा नावातल्या "कॉलेज", "इन्स्टिट्यूट", "स्कूल" ह्या शब्दांवरून दर्जा ठरवू नका, एमआयटी पण इन्स्टिट्यूटच आहे.

पायरी २: पूर्ण अधिकृत नाव, तिथल्याच भाषेत, कागदावर लिहून काढा

ही पायरी लोकं हसण्यावारी नेतात आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा लांबण लावते.

ब्रसेल्सचं बघा. तिथे एक विद्यापीठ आहे, फ्रेंचमध्ये "युनिव्हर्सिते लिब्र द ब्रुसेल", आणि दुसरं आहे डच भाषेत "व्ह्राये युनिव्हर्सिटाइट ब्रसल". दोन्हीचं भाषांतर केलं तर एकच होतं, ब्रसेल्सचं मुक्त विद्यापीठ! (मुक्त म्हणजे आपण घरी बसून करतो तसलं दूरशिक्षणाचं नव्हे, स्वतंत्र ह्या अर्थाने.) मुळात ते एकच होतं, भाषेच्या वादातून १९६९ मध्ये दोन झाली. आता तुम्ही अर्जात किंवा बँकेच्या फॉर्मवर नुसतं भाषांतर लिहिलंत तर समोरच्याने काय समजायचं?

पॅरिसची कथा अजून लांबलचक. जुनं पॅरिस विद्यापीठ १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर फोडलं गेलं आणि १९७० मध्ये त्याची १३ विद्यापीठं झाली, पॅरिस १, पॅरिस २ असे चक्क नंबर. मग गेल्या काही वर्षांत त्यातली काही परत जोडली, २०१८ मध्ये पॅरिस ४ आणि पॅरिस ६ मिळून सोरबॉन युनिव्हर्सिते झालं. पण "सोरबॉन" हा शब्द कुणालाच सोडायचा नव्हता, त्यामुळे आज पांतेओं-सोरबॉन वेगळं, सोरबॉन नुव्हेल वेगळं, सोरबॉन युनिव्हर्सिते वेगळं, सोरबॉन पॅरी नोर वेगळं. कुणी नुसतं "माझं सोरबॉनला झालं" म्हटलं तर "कुठल्या?" हा प्रश्न अजिबात आगाऊपणाचा नाही.

न्यूयॉर्कमध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी ही खाजगी, सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क ही शहराची सार्वजनिक, आणि स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क ही राज्याची, तिचे कॅम्पस राज्यभर पसरलेत. त्यात सिटी कॉलेज हे सिटी युनिव्हर्सिटीचं एक कॉलेज आहे, १८४७ चं, म्हणजे युनिव्हर्सिटीपेक्षा जुनं, कारण सिटी युनिव्हर्सिटी ह्या नावाखाली सगळे एकत्र आले ते १९६१ मध्ये.

आणि शहराचं नाव असलं म्हणजे संस्था त्या शहरातच असेल हेही धरून चालू नका. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी सेंट लुईसला आहे, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिएटलला, आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. मायामी युनिव्हर्सिटी तर ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाच्या गावी आहे, १८०९ ची, तेव्हा फ्लोरिडा (मायामी शहर जिथे आहे ते) अमेरिकेचं राज्यसुद्धा झालं नव्हतं, त्यामुळे त्यांना नाव बदला म्हणायची सोय नाही.

अजून एक, नावं बदलतात. टोरोंटोचं रायर्सन २०२२ मध्ये टोरोंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी झालं. टोकियोत ऑक्टोबर २०२४ मध्ये टोकियो टेक आणि तिथलं मेडिकल-डेंटल विद्यापीठ एकत्र होऊन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो झालं. लंडनमध्ये त्याच वर्षी सिटी आणि सेंट जॉर्जेस ही दोन विद्यापीठं एक झाली. जुने ब्लॉग, जुने व्हिडिओ, सीनियर मंडळी सगळे जुनं नावच सांगणार. म्हणून वहीत एक पान करा, एका ओळीत अधिकृत नाव, त्याच्या पुढे जुनं नाव, त्याच्या पुढे लोकं बोलताना काय म्हणतात ते, आणि शेवटी वेबसाईटचा पत्ता. पाच-सहा संस्थांचं असं पान झालं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पायरी ३: सर्टिफिकेटवर नाव कुणाचं?

शिकवणारा एक आणि पदवी देणारा दुसरा, ही गोष्ट महानगरात अगदी नेहमीची आहे. ह्याचं मूळ बघायचं तर लंडन युनिव्हर्सिटी बघा. १८३६ मध्ये ती निघाली ती शिकवायला नव्हेच, परीक्षा घ्यायला आणि पदव्या द्यायला, शिकवायचं काम युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज करत होते. हाच साचा घेऊन १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं झाली, संलग्न कॉलेज हा प्रकार आपल्याला इतका ओळखीचा का वाटतो त्याचं उत्तर तिथे आहे. खुद्द लंडनमध्ये मात्र पुढे चित्र बदललं, मोठी कॉलेजं स्वतःच्या नावाने पदव्या द्यायला लागली, इम्पीरियल तर २००७ मध्ये बाहेरच पडलं.

न्यूयॉर्कचं बर्नार्ड कॉलेज अजून मजेशीर. मुलींचं कॉलेज, १८८९ चं, कारभार स्वतंत्र, ॲडमिशन स्वतंत्र, पण पदवी मिळते कोलंबिया युनिव्हर्सिटीची. बर्लिनचं शारिटे हे मेडिकल कॉलेज एकाच वेळी दोन विद्यापीठांचं आहे, हुम्बोल्ट आणि फ्राय युनिव्हर्सिटी. आणि ही दोन का, तर शहराची वाटणी झाली, हुम्बोल्ट पूर्व भागात गेली आणि तिथला दबाव नको झालेल्या विद्यार्थी-प्राध्यापकांनी १९४८ मध्ये पश्चिम भागात नवीन काढली. भिंत पडली तरी दोन्ही राहिल्याच.

ही झाली नीट, उजळ माथ्याची उदाहरणं. अडचण असते ती छोट्या खाजगी संस्थांची, ज्या ब्रोशरवर एखाद्या मोठ्या विद्यापीठाचं नाव ठळक छापतात आणि बारीक अक्षरात "च्या सहकार्याने" असं काहीतरी लिहितात. सहकार्याने म्हणजे काय? कधी खरंच त्या विद्यापीठाची पदवी असते, कधी फक्त अभ्यासक्रम त्यांचा असतो, कधी नुसता एखादा पाहुणा प्राध्यापक येऊन जातो. फोनवर विचारू नका, मेल करा, आणि असंच विचारा: "कोर्स पूर्ण झाल्यावर जे सर्टिफिकेट मिळेल त्यावर पदवी देणारी संस्था म्हणून कुणाचं नाव असेल? नमुना पाठवता का?" मग त्या मोठ्या विद्यापीठाच्या वेबसाईटवर जाऊन त्यांच्या भागीदार संस्थांच्या यादीत हे नाव आहे का बघा. एका बाजूने ओळख सांगितली जाते आणि दुसरी बाजू ओळखच देत नाही असं दिसलं तर तिथून निघा. माझ्या एका मैत्रिणीला असाच मेल पाठवल्यावर उत्तर आलं ते फोनवर, तेही तीनदा, लेखी एकदाही नाही. तिने नाद सोडला.

पायरी ४: मान्यता तपासा, आणि दोन पातळ्यांवर तपासा

पहिली पातळी संस्थेची. मोठ्या शहराच्या नावाखाली बोगस विद्यापीठं काढणं सोपं असतं, कारण एवढ्या गर्दीत एक नाव जास्त असलं तर कुणाला कळतंय. सुरुवात म्हणून युनेस्कोच्या सहकार्याने चालणारा जागतिक उच्च शिक्षण डेटाबेस आहे, आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटना तो चालवते, शोधायला फुकट आहे. मग त्या देशाची स्वतःची यादी: इंग्लंडमध्ये ऑफिस फॉर स्टुडंट्सचं रजिस्टर, अमेरिकेत शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी, भारतात यूजीसी तर बोगस विद्यापीठांची यादीच वेगळी काढते, आणि ती वाचताना भारदस्त नावं बघून थक्क व्हायला होतं. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा.

वेबसाईटच्या पत्त्यावरून थोडाफार अंदाज येतो, पण थोडाफारच. डॉट ईडीयू हे २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळतं, मात्र त्याआधी ज्यांनी घेऊन ठेवलं त्यांच्याकडे ते राहिलं. म्हणजे डॉट ईडीयू दिसलं म्हणून डोळे मिटू नका. आणि "आम्हाला अमुक मंडळाची मान्यता आहे" असं लिहिलं असेल तर ते मंडळ कोण तेही शोधा, बोगस विद्यापीठाला मान्यता द्यायला बोगस मंडळ काढणारे महाभाग आहेत.

दुसरी पातळी कोर्सची, ही बरेच जण विसरतात. विद्यापीठ एकदम ओके, पण मेडिकल, नर्सिंग, आर्किटेक्चर, कायदा ह्यांना त्या-त्या व्यवसायाच्या कौन्सिलची मान्यता वेगळी लागते. इंजिनियरिंगसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे, सही केलेल्या देशांत एकमेकांचे मान्यताप्राप्त कोर्स समान धरतात, पण त्यातही कोर्स त्या देशाच्या मंडळाने मान्य केलेला पाहिजे, एकाच कॉलेजातली एक शाखा यादीत असते आणि दुसरी नसते असं सर्रास घडतं. पुढे जिथे काम करायचंय तिथली कौन्सिल काय म्हणते ते आधी वाचा, कॉलेज काय म्हणतं ते नंतर.

पायरी ५: नकाशा उघडा, पण विद्यापीठाचा नाही, तुमच्या डिपार्टमेंटचा

महानगरातल्या विद्यापीठाला "एक पत्ता" नसतो. टोरोंटो युनिव्हर्सिटीचे तीन कॅम्पस आहेत, एक भर शहरात, दुसरा स्कारबरोला, तिसरा मिसिसॉगाला, आणि बाहेरचे दोन्ही मधल्यापासून साधारण ३० किलोमीटरवर. टोकियो विद्यापीठात पदवीची पहिली दोन वर्षं कोमाबा कॅम्पसला आणि मग बहुतेक जण होंगोला, म्हणजे पहिल्या वर्षी कॅम्पसला खेटून खोली घेतलीत की तिसऱ्या वर्षी परत बोजाबिस्तरा उचला. हार्वर्ड केंब्रिजमध्ये, पण त्यांचं बिझनेस स्कूल नदीपलीकडे बॉस्टनच्या हद्दीत आणि मेडिकल स्कूल अजून तिसरीकडे. शिकागोची म्हणून ओळखली जाणारी नॉर्थवेस्टर्न मुळात एव्हनस्टनला आहे, शहरात आहेत ती त्यांची लॉ आणि मेडिकलची शाळा.

तर काय करायचं: ऑफर लेटर किंवा कोर्सच्या पानावर कॅम्पसचं नाव शोधा. नसेल तर मागच्या सेमिस्टरचं टाईमटेबल शोधा, पुष्कळ विद्यापीठं ते उघडं ठेवतात, आणि त्यात खोली क्रमांकाच्या आधी इमारतीचा जो कोड असतो तो कॅम्पसच्या नकाशात टाकून बघा. दोन लेक्चर दोन कॅम्पसला आणि मध्ये अर्धा तास, असं दिसलं तर आत्ताच दिसू दे.

नकाशावरचं अंतर बघून खोली घेऊ नका, वेळ बघा, आणि वेळ पण रविवारी दुपारची नको. मंगळवारी सकाळी आठला निघून जाऊन बघा, किंवा अजून पोचला नसाल तर मॅपमध्ये निघायची वेळ कामाच्या दिवशी सकाळी आठ टाका. रविवारी २५ मिनिटं दाखवणारा रस्ता सोमवारी तासाचा होतो. परत येतानाचं पण बघा, शेवटचं लेक्चर किंवा लॅब संपते तेव्हा गाडी किती वेळाने आहे. दोन गाड्या बदलून लांबून येण्यापेक्षा एकाच लाईनवर दूरचं स्टेशन बरं पडतं, हे माझं मत, बऱ्याच जणांना पटत नाही आणि मग नोव्हेंबरात ते खोली बदलतात.

पायरी ६: दार एकच नसतं

नावाजलेल्या विद्यापीठात थेट पहिल्या वर्षाला घुसायचं एवढाच रस्ता डोक्यात असेल तर जरा थांबा. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये एक मास्टर प्लॅन केला, त्यात तीन थर आहेत: वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मध्ये कॅलिफोर्निया स्टेट, आणि खाली सगळ्यांना उघडी कम्युनिटी कॉलेजं. लॉस एंजेलिसमध्ये हे तिन्ही थर एकाच शहरात सापडतात, आणि दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून यूसीएलएला (म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला) ट्रान्सफर घेणारे दरवर्षी असतात. कुठला विषय पुढे मोजला जाईल हे दाखवणारी "असिस्ट" नावाची सरकारी वेबसाईटच आहे तिथे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतही पंचवीसेक कॉलेजं आहेत आणि त्यातली ७ दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं.

पण ट्रान्सफर होईल असं तोंडी कुणी सांगितलं त्यावर विसंबू नका. कुठला विषय, किती क्रेडिट (म्हणजे अभ्यास मोजायचं माप), कुठल्या कोर्समध्ये मोजणार हे लेखी पाहिजे. युरोपात वर्षाला ६० क्रेडिटचं माप ठरलेलं असल्यामुळे आकडा जुळवणं सोपं जातं, तरी "६० क्रेडिट मान्य" आणि "थेट दुसऱ्या वर्षात" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दुसरं वाक्य मागून घ्या.

पायरी ७: कॅलेंडर आणि भाषा

पटकन सांगते. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चला, युरोप-अमेरिकेत ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या मध्ये कधीतरी, जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला. तुमचा आधीचा रिझल्ट आणि तिकडची शेवटची तारीख जुळत नसेल तर वर्ष जातं, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. एकाच शहरातल्या दोन संस्थांच्या तारखाही वेगळ्या असतात.

भाषेचं म्हणाल तर मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल आणि कॉन्कॉर्डिया इंग्रजीत शिकवतात, युनिव्हर्सिते द मॉन्ट्रियल फ्रेंचमध्ये, सगळे एकाच शहरात. कोर्स इंग्रजीत आहे ह्याचा अर्थ ऑफिसातली खिडकी, घरमालक आणि दवाखाना इंग्रजीत आहे असा होत नाही.

पायरी ८: एकदा आत जाऊन बसा

शक्य असेल तर कामाच्या दिवशी जा, ओपन डेला नाही, ओपन डेला सगळेच हसतमुख असतात. कँटीनमध्ये बसा, नोटीस बोर्ड वाचा, तुमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसबाहेर रांग किती आणि खिडकी कितीला बंद होते ते बघा. लायब्ररीत दुपारी चार वाजता बसायला जागा आहे का ते बघा. मी एका ठिकाणी गेले तर डिपार्टमेंटच्या बोर्डवर दोन वर्षांपूर्वीचं टाईमटेबल होतं आणि त्याच्यावरच कुणीतरी पेनाने खोल्या बदलून ठेवल्या होत्या, त्या एका कागदाने मला ब्रोशरपेक्षा जास्त माहिती दिली.

आणि महानगराचा एक फायदा लोकं घेतच नाहीत: शेजारच्या संस्था. हार्वर्ड आणि एमआयटीचे विद्यार्थी एकमेकांकडचे कोर्स घेऊ शकतात. ब्रिटनमध्ये "स्कोनल ॲक्सेस" नावाची सोय आहे, त्यात सामील असलेल्या दुसऱ्या विद्यापीठाची लायब्ररी वापरता येते, लंडनसारख्या शहरात म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर पाच-सहा लायब्रऱ्या. कोलेज द फ्रान्सच्या व्याख्यानाला तर नावनोंदणीसुद्धा लागत नाही, जाऊन बसायचं. तेव्हा लायब्ररी कार्ड हातात पडलं की त्याच काउंटरवर विचारून घ्या, हे कार्ड अजून कुठे-कुठे चालतं.